शिंपीकाकांच्या खिडकीतला फडका

तर काय सांगत होतो, त्या सकाळी शिंपीकाकांच्या खिडकीत लाल फडका दिसेना. गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांना तुमच्या आजीनं नियमच घालून दिला होता: उठलात की खिडकीत फडका लावायचा. रोज आठला ती फेरी मारून फडके मोजायची. वीस वर्षं, अगदी शेवटच्या आजारापर्यंत. सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या तिच्या कमरेला, म्हणून मी तिला जेलर म्हणायचो.

साडेआठ झाले, तरी फडका नाही. "चला हो, वर जाऊ," ती म्हणाली. तिच्या हातात किल्ल्या वाजत होत्या, मी दोन पायऱ्या मागेच. तिसऱ्या मजल्यावर तिनं दारावर थापा मारल्या. आतून नळाचा आवाज येत होता, माणसाचा नाही.

"अगं, पोलिसांना बोलावू या."

तोवर तिनं दार उघडलंही. मी बाहेरच कठडा धरून, डोळे घट्ट मिटून उभा.

"अहो, या लवकर! जिवंत आहेत!"

काका न्हाणीघरात घसरून पडले होते. पाय मोडला होता, पण शुद्ध होती. "वहिनी, फडका लावायचा राहिला हो," असं अपराध्यासारखं पुटपुटले.

त्यांना दवाखान्यात पोचवून परतताना मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना! म्हणून तर तुम्हाला बरोबर नेलं. पण तुम्हीच इतके घाबरलात, की मला घाबरायला जागाच उरली नाही."