तिन्ही बॉल वर

आमच्या बुढ्याचं नाव सहदेव. मी तानुबाई, त्याची बायको. अकोटजवळच्या आमच्या गावात कोनाचीबी माती असली, की प्रेतापुढं भजन बुढ्याचंच. बायका मसनवटीत जात नाईत, आमी दारातच उभ्या राह्यतो. पन बुढ्याचा आवाज पार तिथून ऐकू ये. आवाज हाये तवर मानूस वाटंवर हाये, असं आमी समजतो.

जिनिंगात कापसाची धूळ खाऊन खाऊन त्याची छाती बसली. एका मातीत भजनाची ओळ मधातच तुटली. त्यात त्याचा मृदंगवाला दोस्त नत्थुजी खाटंवर पडला. "सहदेवा, मले तूच पोचव," म्हने. मंग काय, बुढा गेला अकोल्याले दवाखान्यात. तिथून नळीवालं, तीन बॉलचं यंत्र घेऊन आला. हे रोज केलं की दम वाढते, आवाज टिकते म्हने.

आता याच्या गुरूनं दम कमवाले याले लहानपनी फुंकनी देल्ली होती, एका दमात चूल पेटवाची. यानं यंत्रातबी फुंकलं! बॉल हालतच नाईत. मंग उलटं धरून फुंकलं, तं तिन्ही बॉल फट्कन वर! धावतच गेला नत्थुजीकडं. तो खाटंवरूनच वरडला, "चढले रे बाप्पा! आता मले फिकर नाई." मंग रोज सकाळी हाच तमाशा.

पुढच्या खेपंले दवाखान्यातली डॉक्टरीन म्हनाली, "काका, हे उलटं झालं. फुंकायचं नाही, ओढायचं. दम आत घ्यायचे स्नायू ओढल्यानंच मजबूत होतात." सुलटं धरून ओढलं, तं एकच बॉल हालला, अन् खोकल्याची उबळ. बुढ्याचं तोंडच उतरलं.

घरी तो सुलटं करे. नत्थुजीपुढं गेला की पुन्हा उलटं धरून फुंके. मी चिडली, "काहून खोटं दाखोता त्याले?" तं म्हने, "त्याची फिकर गेली न वं. राहू दे." मले रडूच आलं.

तुरीच्या सोंगनीत नत्थुजी गेला. मी दारात कान देऊन उभी. पीठगिरनीपर्यंत आवाज होता. मंग तुटला. पुन्हा उचलला, पुन्हा तुटला. मंग नुसते टाळ.

बुढा आंघोळ करून ओसरीवर बसला. "अर्ध्या वाटंत सोडलं मी त्याले," म्हने. मंग म्हने, "तानू, मले कोन पोचवन वं?"

"अभद्र बोलू नका," मी खेकसली.

आता दुपारी बुढा निजला, की ते यंत्र मी घेते. सुलटं धरते अन् ओढते. बायका मातीत गात नाईत म्हनतीन लोक. म्हनू द्या. मी मसनवटीपर्यंत जाईन, गात जाईन. दोन बॉल चढले माह्ये. तिसरा चढेस्तोवर थांबा, म्हनते मी बुढ्याले, मनातच.