मसाला आधी, जाळ नंतर

लग्नानंतरच्या पहिल्या दोन थंड्यांत मी दोनदा पोपटी बिघडवली, आणि माझ्या मोठ्या नणंदेने मला कोंबडीला हात लावायची बंदी केली. मी घाटावरची. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी असं सगळं कच्चंच भरायचं, तोंड पाल्याने गच्च दाबायचं, मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. एवढ्याने कोंबडी शिजते यावर माझा विश्वासच बसेना. म्हणून पहिल्या वर्षी मी ती घरूनच कुकरमध्ये शिजवून नेली. मडकं उघडलं तर तिचे दोरे झालेले. दुसऱ्या वर्षी मी दुसरं टोक गाठलं. आधी काहीच करायचं नाही असं ठरवलं आणि मसालासुद्धा लावला नाही. म्हटलं, तिथे गेल्यावर बघू. मी बघेपर्यंत मडक्याला जाळ लागला होता. सगळ्या घराने अळणी कोंबडी खाल्ली आणि मला 'कुकरवाली' हे नाव कायमचं चिकटलं.

हे सगळं मी विसरून गेले असते. पण तेच दोन्ही घोळ मी पुन्हा घातले, आणि या खेपेला कोंबडीवर निभावणार नव्हतं.

मी गणितातली. भिसेगावच्या आमच्या घरी हॉलमध्ये बारावीच्या मुलांचे क्लास घेत कितीतरी वर्षं काढली. मुलं चांगली होती, पण तीच गणितं दरवर्षी शिकवून माझं डोकं गंजत चाललं होतं, आणि घरात त्याचा त्रास सगळ्यांनाच होत होता. दुपारच्या मोकळ्या वेळात मी संगणकाची एक भाषा शिकले. ती आकड्यांआधी अक्षरांशी हिशेब करते. सूत्र दिलं की सूत्रच परत देते. मला ती फार आवडली. मोहोपाड्याच्या एका कारखान्यातल्या साहेबांना असंच काहीतरी हवं होतं. त्यांच्या मोठ्या पात्रात रसायन तापतं. माल किती आणि तापमान किती यावरून उष्णता कोणत्या वेगाने वाढेल, आणि थंड पाणी कधी सोडायलाच हवं, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. हे काम जमलं तर मी माझ्या विद्येवर पुन्हा उभी राहणार होते. नाहीतर जूनमध्ये पुन्हा हॉलमध्ये सतरंजी घालायची होती. मला त्या सतरंजीची धास्ती बसली होती.

या भाषेत एखादी व्याख्या दोन तऱ्हांनी लिहिता येते. नुसतं बरोबरचं चिन्ह दिलं तर उजवीकडचं सगळं तिथल्या तिथे सोडवून ठेवलं जातं. त्याच चिन्हाआधी दोन टिंबं दिली तर सगळं कच्चं राहतं, आणि कोणी आकडा देईल तेव्हाच सोडवलं जातं. मी टिंबं दिली. घरी अक्षर घालून तपासलं, सुरेख सूत्र मिळालं. साहेबांनी मात्र अक्षर घातलं नाही, तापमान म्हणून सत्तर घातले. भाषेने आज्ञा पाळली. तापमानाच्या जागी जिथे तिथे सत्तर बसवले, आणि मग 'तापमान बदललं की उष्णता किती बदलते' याऐवजी 'सत्तर बदलले की किती बदलते' हे शोधायला निघाली. सत्तर कसे बदलतील? पडदाभर लाल अक्षरं आली. साहेब चहा प्यायचे थांबले.

चूक कळली, पण डोकं तापलेलं. कारखान्यातून घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या आणि आल्या आल्या टिंबं काढून टाकली. आता सगळं आधीच सोडवलेलं! त्याच संध्याकाळी पाठवून दिलं. त्यांचा निरोप आला, "मॅडम, माल कितीही टाका, उत्तर तेच येतंय." तपासताना मालाच्या अक्षरात मी पाच घालून बघितले होते, ते पुसलेच नव्हते. त्यामुळे व्याख्येत पाचच शिजून बसले होते. आलेख ताणलेल्या दोरीसारखा सपाट. खाली आणखी एक ओळ होती, "सोमवारी शेवटचं बघू, नाहीतर आमचं जुनंच चालवतो."

शनिवारी सासरी पोपटी होती. मी जायला तयार नव्हते. नवऱ्याने मला गाडीत घातलं. शेताच्या बांधावर बसून मी सगळ्यांवर गुरगुरत होते. समोर ताई, म्हणजे माझी नणंद, कोंबडीचे तुकडे परातीत घेऊन बसली होती.

"काय गं कुकरवाले, तोंड का पाडलंय?" ती म्हणाली.

"काही नाही. दोन्हीकडून फसलंय," मी म्हटलं. "आधी केलं तरी बिघडतं, नंतर केलं तरी बिघडतं."

"मग तुझ्यासाठी नवीन काय हाय त्यात?" ती इतकी हसली की परात कलंडली असती.

मला राग आला आणि मी तिच्या हातांकडे बघत राहिले. ती तुकड्यांना मसाला चोळत होती. शिजवत नव्हती; तुकडे कच्चेच होते. पण मसाला आत्ताच, कारण मडक्याचं तोंड एकदा बंद झालं की तिथे हात जात नाही. हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. त्या क्षणी मात्र मी उठून उभीच राहिले. सगळं आधी किंवा सगळं नंतर, असं कोणी मला सांगितलं होतं? माझं मीच!

"मी जाते," मी म्हणाले.

"जेवल्याशिवाय नाय," ताई म्हणाली. मग जेवले, भरपूर जेवले, आणि मग गेले.

रविवारी मी व्याख्या नव्याने बांधली. टिंबं परत आणली, म्हणजे एकूण काम कच्चंच राहिलं. पाणी कधी सोडायचं हे आकडे आल्याशिवाय कळणारच नव्हतं, ते त्यांची वाट बघत थांबलं. फक्त वेगाचं सूत्र तेवढं आधीच सोडवून घे, असं भाषेला बजावलं. आणि ते सोडवताना दोन्ही अक्षरं कोरीच धरायची, बाहेर त्यांच्यात कोणी काहीही भरून ठेवलेलं असो. दुपारी पहिला आलेख वर चढताना दिसला तेव्हा मी एकटीच ओरडले. शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

सोमवारी साहेबांनी सत्तर घातले. उत्तर आलं. ऐंशी घातले, माल वाढवला, कमी केला. आलेख शहाण्यासारखा वरखाली झाला. मग ते स्वतः टाइप करायला बसले आणि काय मनात आलं कोण जाणे, सगळ्यात वर मालाच्या अक्षरात पाच भरून ठेवले. तेच पाच! त्यांनी कळ दाबली. आलेख जसाच्या तसा चढला.

"बाकीच्या पात्रांचंही तुम्हीच करा," ते म्हणाले. मला त्यांच्या टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. मी "बरं" म्हटलं.

गेटबाहेर येऊन मी आधी ताईला फोन लावला. तिला सूत्रातलं काही कळणार नव्हतं, तरी मी सगळं सांगितलं. मसाला, मडकं, पाच, सगळं.

"म्हंजे माझ्या कोंबडीवरून शिकलीस व्हय?" ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आन् इतकी वर्षं परातीसमोर नुसती बसायचीस?"

त्याच थंडीत आणखी एकदा पोपटी लागली. मी सवयीने शेंगा निवडायला बसले, तर ताईने माझ्यापुढची पाटी ओढून घेतली आणि तिथे कोंबडीची परात ठेवली. मसाल्याचं वाटण शेजारी सरकवलं.

"लाव," ती म्हणाली. "कुकर आणला नायस ना?"

मी बांगड्या वर सारल्या, कोपरापर्यंत हात मसाल्यात घातले, आणि मडक्याचं तोंड बंद होईपर्यंत त्या परातीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.