आत्याबाईंचा विंचवाचा मंत्र

माझं माहेर नांदेडचं. वडील रेल्वेत होते आणि घर पक्कं कॅथलिक. दहा आज्ञा आम्हा भावंडांना पाढ्यांसारख्या पाठ होत्या. लग्न करून लातूरला आले तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवरा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होता. तिथं अजून टेबलंसुद्धा पुरी आली नव्हती, दोघं दोघं एका टेबलावर बसत. त्या वर्षी पाऊस नव्हता. गावाबाहेरच्या आमच्या घरापासून थोड्या अंतरावर दुष्काळी काम निघालं होतं, बायका-पुरुष दिवसभर खडी फोडायचे. दगड हलले की खालचे विंचू बाहेर पडायचे.

सासूबाईंना आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. त्या निलंग्याच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातल्या. त्यांच्या आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती. गळ्यात मारियामातेचं पदक, रविवारची चर्चमधली मिस्सा कधी चुकवायच्या नाहीत. आणि त्या विंचू उतरवायच्या.

मी आल्यावर आठवड्याभरातच ते पाहिलं. खडीवरच्या एका माणसाला दोघांनी धरून आणलं होतं. आत्याबाई जेवत होत्या. ताट तसंच ठेवून उठल्या, हात धुतला, छातीवर क्रूस काढला आणि कडुलिंबाचा डहाळा त्याच्या खांद्यापासून खाली फिरवू लागल्या. ओठ हलत होते, शब्द कळत नव्हते.

"कुठवर आलंय?" त्यांनी विचारलं.

"कोपराला."

परत ओठ हलू लागले. "आता?"

"मनगटात हाय."

बोटाच्या टोकापर्यंत ठणका आला तेव्हा तो माणूस उठून बसला. त्यानं चहाही घेतला नाही, कारण मंत्राच्या बदल्यात काही घेतलेलं चालत नाही, दिलेलंही चालत नाही. मी नवऱ्याला विचारलं, "आपल्या धर्मात हे चालतं का?" तो म्हणाला, "तुला विंचू चावला की मग सांगतो."

मला मात्र राहवेना. आधी क्रूस आणि मग मंत्र, हे दोन्ही एका माणसात कसं राहतं, याचं मला नवल वाटे. एकदा भाकरी थापताना मी विचारलं, "आत्याबाई, मंत्रात काय आहे?"

"निम्मा कानडी हाय. माझ्या बापानं दिला तसा म्हणते. अर्थ मला बी ठावं न्हाई."

"मला म्हणून दाखवा ना."

"म्हणून दावला की दिला, अन् दिला की माझा गेला. ज्याच्याकडं मंत्र, त्यानं बोलावणं आलं की उठून जायचं असतंय. तुला जमंल का?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

नाताळानंतरच्या आठवड्यात चंद्रग्रहण आलं. चंद्र उगवतानाच ग्रासलेला होता. ग्रहणात वाहत्या पाण्यात उभं राहून मंत्र म्हणावा लागतो, नाहीतर तो मळतो, असा नेम. वाहतं पाणी त्या वर्षी कुठून आणायचं? आत्याबाईंनी अंगणात घंगाळ ठेवलं, टँकरचं साठवलेलं थोडं पाणी त्यात ओतलं आणि लुगड्याच्या निऱ्या वर धरून आत उभ्या राहिल्या. मी वरून तांब्यानं बारीक धार धरली, म्हणजे पाणी वाहतं आहे असं म्हणता यावं.

नेमके तेव्हाच आमच्या चर्चचे फादर सायकलवरून आले. मिशनची जीप असायची, पण जवळपास ते सायकलनंच फिरत. नाताळानंतर ते घराघरांना आशीर्वाद द्यायला फिरायचे. ते मंगळूरकडचे, मराठी पुस्तकातलं बोलायचे. दारातच थबकले.

"हे काय चालू आहे?" त्यांनी मला विचारलं.

"मंत्र म्हणतायत. मधे बोलता येत नाही त्यांना."

फादर सायकल भिंतीला टेकवून उभे राहिले. आत्याबाईंनी पुरं म्हणून घेतलं, बाहेर आल्या, पदरानं पाय पुसले आणि त्यांना बसायला बाज ओढून दिली.

"विंचवाचा हाय, फादर. गिऱ्हाणात धुवून काढावा लागतोय."

"त्यात कोणाचं नाव आहे?"

"ठावं न्हाई. कानडी हाय."

"मला कानडी येतं. म्हणा, मी सांगतो."

"तसा म्हणता येत न्हाई."

फादर म्हणाले, "ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही, त्याला तुम्ही हाक मारताय. हे मला बरं वाटत नाही. हे सोडेपर्यंत कम्युनियनची पवित्र भाकर घेऊ नका."

"अन् दारात माणूस वरडत आला तर?"

"दवाखान्यात न्यायचं."

"कशात न्यायचं?"

फादरनी घरावर पवित्र पाणी शिंपडलं आणि गेले.

पुढच्या रविवारपासून आत्याबाई चर्चमध्ये मागच्या भिंतीपाशी बसू लागल्या. सगळे कम्युनियन घ्यायला पुढं जायचे तेव्हा त्या तिथंच बसून राहायच्या. घरी कुणी विषय काढला तर म्हणायच्या, "त्यांचं बी बरोबर हाय." त्या खरंच तसं मानत होत्या, याचंच मला जास्त कोडं पडायचं. विंचू चावलेले लोक येतच होते आणि त्या उठतच होत्या.

एका दुपारी खडीवरची एक पोरसवदा बाई आणली. आत्याबाईंनी डहाळा फिरवायला घेतला आणि मधेच थांबल्या. तिच्या अंगाला गार घाम सुटला होता, हातपाय थंड पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती. आत्याबाईंनी तिच्या गळ्याला हात लावून पाहिला.

"हे माझ्या हातचं न्हाई," त्या मला म्हणाल्या. "पळ. फादरला म्हणावं, जीप काढा."

मी पळत गेले. फादरनी काही न विचारता जीप काढली. मागं ती बाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि आत्याबाई वाटभर डहाळा फिरवत होत्या. इंजिनाच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता. पुढं फादरचे ओठही हलत होते. सरकारी दवाखान्यात तिला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी कळलं, बाई वाचली.

दोन-तीन दिवस आत्याबाईंचं कशात लक्ष नव्हतं. शनिवारी मला म्हणाल्या, "चल माझ्यासंगं. पापनिवेदन करायचं हाय."

मी बाकावर बसले. त्या जाळीशी गुडघे टेकून पलीकडं बसलेल्या फादरशी बोलू लागल्या. पुष्कळ वेळ झाला. एवढी पापं त्यांच्याकडं कुठून आली, असं मला वाटून गेलं. शेवटी त्या उठल्या, पण वेदीपुढं प्रार्थनेला न बसता सरळ बाहेर आल्या. फादर आतच बसून होते.

"काय सांगितलंत एवढं?"

"मंत्र दिला," त्या म्हणाल्या. "अक्षर न् अक्षर. दोनदा म्हणवून घेतला त्यांच्याकडून."

"फादरला? का?"

"त्यांच्याकडं गाडी हाय. आता त्यांना उठून जावं लागंल."

रविवारी त्या पुढं गेल्या आणि फादरनी त्यांच्या जिभेवर कम्युनियन ठेवलं. त्यानंतर विंचू चावलेलं कुणी आमच्या दारात आलं की आत्याबाई फादरच्या मिशनकडं बोट दाखवायच्या. फादर खरंच उठायचे. जेवणातून उठायचे, धर्मशिकवणीचा वर्ग सोडून उठायचे. जीप भरून दवाखान्यात न्यायचे. खडीवरचे लोक सांगायचे, गाडी चालवताना ते काहीतरी पुटपुटतात. कुणी म्हणे जपमाळ, कुणी म्हणे दुसरंच काही. मी एकदा मुद्दाम पुढच्या सीटवर बसून गेले, पण त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत.

काही वर्षांनी त्यांची बदली झाली. निरोपाला मी बसस्टँडवर गेले होते. गाडी लागायला वेळ होता, म्हणून धीर करून विचारलं, "फादर, त्या मंत्रात कोणाचं नाव होतं?"

ते हसले. "ते मला पापनिवेदनात कळलंय. तिथं ऐकलेलं बाहेर सांगता येत नाही."

"पण पाप होतं की नव्हतं?"

"तेही नाही सांगता येत," ते म्हणाले. मग आपली पेटी उचलून टपावर चढवायला हमालाकडं दिली.

घरी येऊन मी हे आत्याबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. ऐकून खूप हसल्या.

"तुम्हाला अजून येतो का तो?" मी विचारलं.

"येतो की. विसरतोय कुठं? पण आता माझा न्हाई तो." मग त्यांनी मलाच विचारलं, "जाताना त्यांनी नव्या फादरला दिला असंल का गं?"

मला ते ठाऊक नव्हतं. नव्या फादरला विचारायचं धाडस आम्हा दोघींचंही झालं नाही.