ठोकळूची उसनी बोटं

सोमवार, १३ जून १९८८, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. डोंबिवली पूर्व, पिठाच्या गिरणीवरची खोली.
हजर : फ्रेमकाका, बेबी, कॅमेऱ्याचा दिनेश, मी.
गैरहजर : ठोकळूची दोन बोटं.

ही नोंद माझ्या रजिस्टरमधली आहे. हजेरी माझ्या अक्षरात आहे, गैरहजेरी फ्रेमकाकांच्या. माझी पाठ वळली की माझ्या याद्यांमध्ये काहीतरी घुसडून ठेवायचं, हा त्यांचा आवडता उद्योग होता. 'काळी शाई दोन बाटल्या, ब्रश शून्य नंबर सहा, रजिस्टरबाईंनी एकदा हसणे' अशी यादी घेऊन मी दुकानात गेले होते आणि दुकानदाराने ती मोठ्याने वाचली होती. रजिस्टरबाई म्हणजे मी. तेव्हा बावीस वर्षांची होते आणि काम बरंच गंभीरपणे घेत होते.

काकांना मिनिटं आणि सेकंद मान्य नव्हते. टीव्हीच्या पडद्यावर एका सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात, त्यांना फ्रेम म्हणतात, आणि काका जगातली प्रत्येक गोष्ट फ्रेममध्ये मोजत. चहा उकळायला साडेचार हजार फ्रेम. जिना उतरायला तीनशे. कोणी 'एक सेकंद थांबा हं' म्हटलं की ते पंचवीसपर्यंत भरभर मोजत आणि चालू लागत. बँकेतल्या कारकुनापुढेही त्यांनी हे केलं, आणि त्याच कामासाठी दुसऱ्या दिवशी मला रांगेत उभं राहावं लागलं. त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर वापरात होतं.

ते मूळचे कल्याणचे. तरुणपणी तिथल्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवत. मग बावीस वर्षं मुंबईत जाहिरातींच्या कार्टूनमध्ये दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांच्या मधल्या हालचाली भरल्या. म्हणजे मुख्य चित्रकाराने हात खाली असलेलं एक चित्र काढायचं, हात वर गेलेलं दुसरं काढायचं आणि मधली सात चित्रं काकांनी. "सगळं आयुष्य मधे गेलं गं," ते म्हणायचे. "सुरुवात माझी नाही, शेवट माझा नाही." पन्नाशी उलटल्यावर त्यांना पहिल्यांदा स्वतःचं पात्र मिळालं. मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमासाठी गणित शिकवणारा एक कार्टून मुलगा. एकूण तेरा भाग ठरले होते, पण अट होती : पहिला भाग पसंत पडला तरच पुढचे बारा. नाही पडला तर खोली रिकामी करायची आणि काकांनी कल्याणला पाट्यांकडे परत जायचं.

या मुलाचं नाव ठोकळू. डोकं चौकोनी, कारण काकांच्या मते गोल डोकं वळवताना चित्रकाराचंच डोकं फिरतं. ठोकळूची चाल मात्र खास होती. पोट पुढे, पावलं बाहेर, आणि दर चौथ्या पावलाला लेंगा वर ओढल्यासारखा एक झटका. ती खालच्या गिरणीवाल्या भाऊंची होती. काका महिनाभर खिडकीतून त्यांच्यावर नजर ठेवून होते. माणूस चेहऱ्याने हवं ते दाखवतो, चाल मात्र त्याला लपवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे कार्यक्रम लागल्यावर भाऊंनी तो चवीने बघितला आणि पोरगा फार गोड आहे म्हणाले. त्यांच्या बायकोने मात्र दुसऱ्या दिवशी जिन्यात काकांना गाठून विचारलं की ह्यांना अजून कळलेलं नाही, तर आपण सांगायचं का. काकांनी नको म्हटलं. दोघांनी ते शेवटपर्यंत पाळलं.

भाऊंशी वाकडं घेऊन चालणारही नव्हतं. गिरणी सुरू असली की वर कॅमेरा थरथरायचा आणि ठोकळूला हुडहुडी भरल्यासारखं दिसायचं. भाऊ एक ते चार गिरणी बंद ठेवून पोत्यांवर झोपत, आणि तेवढ्या वेळात आमचं शूटिंग. सकाळी चित्रं पारदर्शक प्लॅस्टिकवर उतरवायची आणि रंगवायची, एकाला कॅमेऱ्याखाली लावायची, चारला थांबायचं. त्यातही पीठ उडून त्या प्लॅस्टिकवर बसे. पहिल्याच चाचणीत ठोकळूच्या काळ्याभोर केसांत कोंडा झालेला दिसला.

रंगवायचं काम बेबीचं. ती खाडीवरच्या कोळीवाड्यातली. तिची आई डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायची, आणि बेबी लहानपणापासून तिच्या शेजारी बसून मासळीचे वाटे लावत आली होती. वाट्यात पाच बोंबील आहेत की चार, हे तिला मोजावं लागत नसे. बोलायची कमी, आणि बोलली की काम वाढायचं.

त्या सोमवारी ती पहिल्या भागातलं शेवटचं दृश्य रंगवत होती. विषय होता 'एक ते दहा'. ठोकळू एकेक बोट उघडत मोजतो, पाचला उजवा पंजा हलवतो, दहाला दोन्ही पंजे. बेबीने ते प्लॅस्टिक उजेडात धरलं, ब्रश बाजूला ठेवला आणि म्हणाली, "काका, याच्या वाट्यात दोन कमी हायेत."

आम्ही तिघंही उठून बघायला गेलो. ठोकळू दोन्ही हात पसरून 'दहा' म्हणत होता आणि त्याच्या हाताला चार-चार बोटं होती.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, पण आमच्या धंद्यात असंच व्हायचं. कार्टूनच्या हाताला चारच बोटं काढतात. काम कमी होतं, आणि पाच काढली की हात केळ्याच्या फणीसारखा दिसतो. काकांनी बावीस वर्षं हजारो हात काढले होते, सगळे चार बोटांचे. त्यांचा हात बोटं मोजतच नव्हता. चार बोटं उघडून झाली की पाचव्या आकड्याला पंजा हलायचा, आणि हलत्या पंजात कोण मोजतंय? मी प्रत्येक चित्राला नंबर दिला होता, प्रत्येकाची नोंद केली होती. बोटांचा रकाना माझ्या रजिस्टरमध्ये नव्हता. चूक निम्मी माझी होती, हे मी त्याच दिवशी लिहून ठेवलं आहे.

शुक्रवारी टेप ठाण्याच्या बाईंना दाखवायची होती. या बाई निवृत्त मुख्याध्यापिका, विषय गणित, आणि कार्यक्रमाच्या सल्लागार. पसंत-नापसंत त्यांच्या हातात. मुलांना चुकीचं शिकवलं की ते जन्मभर पुरतं, असं त्या दर भेटीत ऐकवत. मी हिशेब मांडला : सगळ्या चित्रांत हाताला एकेक बोट वाढवून पुन्हा शूटिंग करायचं तर रोजचे तीन तास धरून सव्वा महिना. दिनेश म्हणाला, दहाच्या ऐवजी आठपर्यंतच शिकवू. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

काकांनी पंधराशे फ्रेम शांतता मागितली. म्हणजे एक मिनिट. ते स्वतःच्या दोन पंजांकडे बघत बसले, अंगठे आत दुमडून. मग म्हणाले, "बेबी, तुझी दोन बोटं दे जरा." तिने हात पुढे केला. त्यांनी तिची दोन बोटं आपल्या आठांशेजारी धरली, मोजली, आणि हसायला लागले.

नवं दृश्य त्यांनी दोन दिवसांत काढलं. ठोकळू एकेक बोट उघडत आठपर्यंत मोजतो आणि अडकतो. हात उलटे करून बघतो. खिशात शोधतो. बूट काढून झटकतो. मग चौकोनी तोंड पडद्याला टेकवतो आणि म्हणतो, "माझी संपली. तुमची दोन द्या ना उसनी." पंजे काचेशी धरून तो वाट बघतो, पूर्ण पन्नास फ्रेम. मग नऊ. मग दहा. आवाज माझाच होता, कारण आवाजासाठी वेगळा माणूस आमच्या यादीत नव्हता. माझ्या डोक्यावर गोधडी टाकून, गिरणीच्या सुट्टीत तो रेकॉर्ड केला. हसू येत होतं म्हणून पाच वेळा करावा लागला. काकांनी रजिस्टरमध्ये 'रजिस्टरबाईंनी हसणे' या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

शुक्रवारी आम्ही दोघं बाईंच्या नौपाड्यातल्या घरी गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि जिन्यात पहिल्यांदाच एकही फ्रेम मोजली नाही. बाईंनी टेप लावली आणि खुर्चीच्या हातांवर हात ठेवून ताठ बसल्या. ठोकळूच्या चालीवर हसल्या नाहीत. बूट झटकल्यावरही नाहीत. त्याने काचेला पंजे लावले तेव्हा मीच मनात पन्नास फ्रेम मोजल्या. नऊ झाले, दहा झाले, टेप संपली.

"हे अभ्यासक्रमात नाही," बाई म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले.

"शिक्षकाने मुलांपुढे कमी पडल्याचं दाखवायचं नसतं. आणि हातांना आठ बोटं, हे तर सरळसरळ चूक आहे."

"आहे ना. माझीच आहे." काका नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "पण बाई, तुमची दोन बोटं वर आहेत."

खरंच होती. उजव्या हाताची, खुर्चीच्या हातावरून वर उचललेली. बाईंनी त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाची असल्यासारखं बघितलं. लगेच खाली घेतली नाहीत, हे मला विशेष वाटलं. मग त्यांनी सही केली, आणि एक अट घातली. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, हेही मुलांना शिकवलं पाहिजे. तेराव्या भागात ठोकळूने सगळ्यांची बोटं परत द्यायची. मी तिथेच रजिस्टर उघडून लिहिलं : भाग १३, दोन बोटं परत करणे.

कार्यक्रम सुरू झाला आणि डोंबिवलीभर टीव्हीच्या काचांवर बोटांचे ठसे उमटायला लागले. आमच्या इमारतीतल्या बायका मला जिन्यात अडवून सांगत की तुमच्या त्या चौकोनी पोरापायी दिवसातून दोनदा काच पुसावी लागते. पोस्टकार्डं यायची. मुलं त्यावर स्वतःची दोन बोटं ठेवून पेन्सिलीने गिरवून पाठवत, म्हणजे ठोकळूला कमी पडू नयेत. टिटवाळ्याहून एका मुलीने लिहिलं होतं की तिने बोटं दिली तेव्हापासून गुरुजींनी विचारलं की ती आठपर्यंतच मोजते, कारण उरलेली दोन आमच्याकडे आहेत. तरी गुरुजी रागावण्याआधी लवकर परत द्यावीत. काकांनी हे कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं. इतका वेळ कोणाची गोष्ट अडवून ठेवायची त्यांना सवय नव्हती.

अकराव्या भागानंतर वरून एक पत्र आलं आणि कार्यक्रम बंद झाला. कारण लिहिलेलं नव्हतं. खोलीत भाऊंनी गव्हाची पोती ठेवली. बेबी आईच्या जागेवर बाजारात बसायला लागली आणि मी ठाण्यात नोकरी धरली. काका कल्याणला पाट्यांकडे परत गेले. रस्त्यात भेटले की तोंड भरून हसत आणि विचारत, "काय रजिस्टरबाई, बाकी काय?" मी दर वेळी म्हणे, एकच ओळ.

शेवटचं भेटले ते ९६ साली, त्यांच्या घरी. तोवर पाट्याही कॉम्प्युटरवर कापून निघायला लागल्या होत्या आणि काकांचा हात थरथरत होता. गिरणी आता माझ्या खांद्यात सुरू झालीय, म्हणाले, आणि ही एकला बंदही होत नाही. त्यांनी उशीखालून एक पाकीट काढून मला दिलं. आत दोनच चित्रं होती. पहिल्यात ठोकळू काचेशी आला आहे आणि मुठीत काहीतरी जपून धरलं आहे. दुसऱ्यात मूठ उघडी आहे, रिकामी, आणि तो इतका खूश आहे की डोकं थोडं गोल झालं आहे.

"सुरुवात माझी, शेवट माझा," ते म्हणाले. "मधली सात तू भर."

मी म्हटलं, काका, मला चित्र काढता येत नाही. ते म्हणाले, यादी करता येते ना, मग एक ते सात लिही आणि एकेक काढत जा. त्यानंतर काका चार महिने होते.

मी तीनदा बसले. शाई आणली, कागद आणले, एक ते सात आकडे घातले. पहिल्या दोन वेळा ठोकळूच्या जागी बटाटा आला. तिसऱ्या वेळी, गेल्या दिवाळीत, पहिलं चित्र जमलं असं वाटलं. मूठ अगदी त्यांच्यासारखीच किंचित उघडत होती. उजेडात धरलं आणि सवयीने मोजलं, तर हाताला पाच बोटं.

काकांच्या आरशातलं टिटवाळ्याचं पोस्टकार्ड आता माझ्याकडे आहे. ती मुलगी आता चाळिशीच्या पुढे असेल, आणि गुरुजी रागावून कधीच मोकळे झाले असतील. रजिस्टरची बाकी सगळी पानं मी खुणा करून बंद केली आहेत. एकच ओळ उघडी आहे.

भाग १३. दोन बोटं परत करणे. मधली चित्रं सात. झालेली शून्य. बाकी सात.