घोटाघोटाची धास्ती

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पापनाशमच्या घरी कुकर लावत होते. अण्णाला धाप लागलीय, लगेच ये, एवढंच ती बोलली. गॅस बंद केला, औषधांची फाइल पिशवीत टाकली आणि तंजावूरची बस पकडली. वाटभर एकच विचार... कालचं पाणी.

अण्णा माझा थोरला भाऊ. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. निवृत्तीनंतर राजवाड्याजवळच्या घराच्या गच्चीवर त्याने निवडुंग लावले. कावेरीकाठी, भाताच्या मुलखात निवडुंग, म्हणून शेजारी हसायचे. इथे ते तहानेने नाही, मुळं कुजून मरतात. कुणी कौतुकाने झारी उचलली की अण्णा खेकसायचा. मला तो खोडाच्या घड्या दाखवी. पाणी मिळालं की त्या फुगून उलगडतात, कोरड पडली की मिटतात. पानांऐवजी काटे, सालीवर मेणाचा थर, आणि श्वासाची छिद्रं दिवसा बंद. उघडायची ती रात्रीच्या गारव्यात.

मग त्याचं हृदय दुबळं झालं. अंगात पाणी साचू लागलं. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं तसा मी त्याच्या स्वयंपाकघरात तक्ता लावला. रसम, ताक, कॉफी सगळं त्यात धरायचं. एकदा अण्णाने मला त्याच्या नडगीवर बोट दाबायला लावलं. खळगा पडला, तो भरेचना. “बघ, मीपण साठवायला शिकलो,” तो हसला. “फक्त मला घड्या नाहीत.” त्यानंतर भांड्यात पाणी ओतल्याचा आवाजही मला सोसेना.

आमच्या तंजावूरकडच्या मराठी घरांत पाहुण्याच्या हाती आधी पाण्याचा टंबलर देतात. वडीलधाऱ्याने तो परतवला तर यजमान मनाला लावून घेतात. ओरत्तनाडुला मावसभावाच्या साठीशांतीला मी मुद्दाम अण्णाच्या शेजारी बसले. पाणी आलं, पायसम आलं, ताक आलं. मी पथ्य सांगत राहिले. मावसभावाची बायको म्हणाली, “घोटभर तरी घ्या अण्णा. आमच्या घरचं चालत नाही का?” अण्णाने माझ्याकडे न बघता टंबलर रिकामा केला. मग दुसराही.

दुसऱ्या सकाळी तो फोन आला होता. दवाखान्यातून अण्णा घरी आला तो डॉक्टरांनी आशा सोडल्यावरच. आडवं होता येत नव्हतं, उशांना टेकून बसला होता. वहिनीने चमच्यात गंगेचं पाणी घेऊन माझ्यापुढे धरलं. वर्षभर ज्याच्या हातून भांडी काढून घेतली, त्याच्या ओठांत मीच पाणी सोडायचं... चमचा घेताना माझ्याकडून अर्धं सांडलं. अण्णाने डोळे उघडले.

“भरून दे ग,” तो म्हणाला.

आता उन्हाळा तापलाय. अण्णा गेल्यापासून दर रविवारी मी गच्चीवर जाते. वहिनी जिन्यातून सांगते, घड्या फार मिटल्यात, थोडं घाल. मातीत बोट खुपसते. ती पार कोरडी. झारी उचलते, तिरकी करते, आणि थेंब पडायच्या आत पुन्हा सरळ धरते.