नाहीबाईंच्या नऊ बाटल्या

वेणूताईंचा पहिला शब्द 'नाई' असे. दुसरा बहुधा लागतच नसे. नागपूरच्या आमच्या गहू संशोधनाच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. खापरखेड्याहून पहिल्या बसने यायच्या, सगळ्यांना 'जय भीम' करायच्या आणि इस्त्रीचा पांढरा ॲप्रन चढवून कामाला लागायच्या. पाठीमागे सगळे त्यांना नाहीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

गव्हाच्या कोवळ्या दाण्यातला इवला अंकुर बाटलीतल्या खाद्यावर ठेवायचा, त्याची गाठ वाढवायची आणि गाठीतून रोपं काढायची, हे आमचं काम. उन्हाळा सोसणारा गहू आम्हाला हवा होता. एकदा चिमटा ज्योतीवर धरताना मी बोलले, तर ताई कडाडल्या, "तोंड बंद ठेव वं बाई! तुह्या तोंडातला जंतू बाटलीत गेला तं तीन महिने पाण्यात!" मी पीएच.डी. करत होते, त्या दहावी नापास. त्या टेबलाशी मात्र शिकाऊ मीच होते.

एका मे महिन्यात बाटल्यांच्या खोलीतला एसी बंद पडला. दोन दिवस बाटल्या उकडल्या, गाठी तपकिरी पडल्या. साहेब म्हणाले, "सगळं फेका." मी मुकाट्याने झाकणांवर लाल फुल्या मारल्या. त्याची मला आजही लाज वाटते.

ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या. नऊ बाटल्यांत अजून हिरवा ठिपका होता.

"साहेब, तुमाले उन्हात टिकणारा गहू पाह्यजे ना? मंग जे टिकलं, थेच काहून फेकून राह्यले?"

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

"जितं काय आन् मेलं काय, थे कळते."

साहेबांनी मेमोची धमकी दिली. "द्या," म्हणत ताईंनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि माझ्या फुल्या पुसायला सुरुवात केली.

नऊपैकी आठ बाटल्या वाया गेल्याच. नवव्या बाटलीतलं रोप कुंडीत जगलं, मग शेतात. ताई निवृत्त झाल्या तेव्हा त्याचं बी जेमतेम ओंजळभर होतं. शाल-नारळ घेऊन झाल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "कोणाले फेकू देजो नको."

मागल्या वर्षी ताई गेल्या. यंदा मार्चच्या उन्हात, उशिरा पेरलेल्या गव्हात, शेजारच्या ओंब्यांचे दाणे चिमले होते. ताईंच्या ओंब्या भरलेल्या होत्या. नवे साहेब कागद बघत म्हणाले, "हा वाण ठेंगणा आहे, उतारा कमी. काढून टाका."

मी वाफ्यापुढे आडवी उभी राहिले.

"नाई."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला दुसरा शब्द लागला नाही.