लीड माझी होती

मुलीकडे आयर्लंडला माझी पोस्टिंग तीन महिन्यांची होती. व्हिसाच्या कागदावर 'कौटुंबिक भेट' असं लिहिलं होतं, पण अठ्ठावीस वर्षं फौजेत काढल्यावर कुठेही जायचं म्हणजे पोस्टिंगच वाटतं. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी वैशाली तिकडे भूल देणारी डॉक्टर आहे. ती म्हणाली, "बाबा, हा हिवाळा माझ्याकडे काढा. एकटे बसून काय करताय?" मी बॅग भरली.

घर पोर्टलीश शहरापासून, म्हणजे वैशालीच्या हॉस्पिटलपासून, सहा किलोमीटरवर, शेतांच्या मधे. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत सव्वा किलोमीटरची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना पाण्याचे खोल चर. वाटेवर घरं दोनच, आमचं आणि टॉम-ब्रीडाचं. जावई निखिल डब्लिनला सँडीफोर्डमध्ये कामाला. आठवड्यातले तीन दिवस तो तिकडेच मित्राकडे राहतो.

माझा दिनक्रम ठरलेला होता. 05:30 ला उठणं, दाढी, चहा. 06:00 ला मागच्या शेडमधून जळणाच्या विटा आणून शेगडी पेटवणं. 07:00 ला वैशालीच्या गाडीच्या काचेवरचं दव खरवडून ठेवणं. दव गोठून त्याचा पापुद्रा झालेला असायचा. 07:10 ला ती गेली की मी वाटेनं मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचो. येताना टॉम गोठ्यापाशी उभा असायचा.

"एव्हरीथिंग ग्रँड, मेजर?"

"ग्रँड."

हा आमचा रोजचा ओके रिपोर्ट. टॉम एकाहत्तर वर्षांचा शेतकरी, एक खुबा बदललेला. ब्रीडा त्याची बायको, दोन वर्षांनी लहान आणि चौपट चपळ. मी मेजर नाही, सुभेदार होतो, हे मी टॉमला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा नाद सोडला. फुकटचं प्रमोशन मिळत होतं, घेतलं.

माणसं सोन्यासारखी. मी येऊन आठ दिवस झाले नव्हते तेव्हा ब्रीडा लोकरीची टोपी विणून घेऊन आली. मी बेसनाचे लाडू दिले. दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे चहा असायचा. त्या घरात सतत संगीत. स्वयंपाकघरात रेडिओ चालू, आणि चहा झाला की टॉम अ‍ॅकॉर्डियन घ्यायचा. आपल्या पेटीसारखंच वाद्य, पण छातीशी धरून वाजवायचं. त्यानं ते हातात घेतलं की मी फोन करायचा आहे असं सांगून उठायचो. असं तीन रविवार झालं. चौथ्या रविवारी ब्रीडानं विचारलंच.

"तुम्हाला संगीत आवडत नाही का?"

"आवडतं," मी म्हणालो. "फार आवडतं." आणि निघालो.

त्याचं कारण सांगतो. तोवर हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मी तेव्हा नाईक होतो. सतरा हजार फुटांवर आमची पोस्ट होती. रोज सकाळी पाच जणांचं पेट्रोल खालच्या पोस्टपर्यंत जायचं, सगळे एका दोराला बांधलेले. सगळ्यात पुढे चालण्याला आम्ही लीड म्हणायचो. पुढच्याच्या हातात लांब काठी. प्रत्येक पावलाआधी काठी बर्फात खुपसायची. भरीव आवाज आला तर पाय टाकायचा. पोकळ आला तर खाली भेग असते, थांबायचं. हे काम डोळ्यांपेक्षा कानांचं, आणि कान दमतात. म्हणून दर वीस मिनिटांनी लीड बदलायची. लीडवर असताना कानात काही घालायचं नाही.

त्या दिवशी आम्ही 06:40 ला निघालो. 07:20 ला लीड माझ्याकडे येणार होती. माझ्या खिशात लहान रेडिओ होता. सकाळी जवानांच्या फर्माइशीची गाणी लागायची. बायकोनं मुद्दाम पत्र पाठवून माझं नाव आणि माझ्या आवडीचं गाणं कळवलं होतं, आणि ते त्या दिवशी लागणार होतं. 07:20 झाले तरी नाव आलं नाही. माझ्यामागे लान्स नाईक हणमंत शेलार होता. माझ्याच तालुक्यातला, सव्वीस वर्षांचा. महिनाभर मी दुसरं काही बोललोच नव्हतो, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक होतं.

"नाईकसाब, ऐका तुमी. वैनींनी पत्र धाडलंय. मी जातो म्होरं."

मी त्याला जाऊ दिलं. 07:26 ला माझं नाव आलं. गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला कमरेच्या दोराला हिसका बसला.

"पोस्ट, पेट्रोल बोल रहा हूँ. एक जवान नीचे गया. ओव्हर."

"नाम? ओव्हर."

"लान्स नाईक शेलार. ओव्हर."

दोर टिकला. आम्ही चौघांनी त्याला बावन्न मिनिटांत वर काढलं. डोकं बर्फाच्या कडेवर आपटलं होतं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. 11:10 ला तो गेला. रिपोर्टमध्ये 'लीड: लान्स नाईक शेलार' एवढंच लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. मी सही केली. बाकी तिघांनी कधी विषय काढला नाही. त्यानंतर मी कुठलंही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

आता आयर्लंडचा बर्फ. फेब्रुवारी संपता संपता रेडिओवर बर्फाच्या वादळाची रेड वॉर्निंग आली. दुकानातला ब्रेड दोन तासांत संपला. मला हसू आलं. वैशालीला म्हटलं, "एवढ्याला आम्ही हवामान ठीक आहे असं कळवायचो." पण रात्रभर पूर्वेचा वारा सुटला आणि सकाळी माझं हसू गेलं. शेतांवरचा सगळा बर्फ त्या वाटेत येऊन बसला होता. चर, कुंपणं, वाट, सगळं एका पातळीत. पहिल्या दिवशी आम्ही घरातच थांबलो. ब्रीडा गमबूट घालून गरम सोडा ब्रेड देऊन गेली. मी त्यांच्या गोठ्यापर्यंतचा रस्ता फावड्यानं मोकळा केला.

दुसऱ्या दिवशी 07:30 ला वैशालीचा फोन वाजला. फोन ठेवून ती माझ्याकडे आली.

"बाबा, मला दहापर्यंत पोचायचंय. केविन काल सकाळपासून एकटा ड्यूटीवर आहे. त्याच्या जागी येणारी डॉक्टर गाडीसकट अडकलीय. साडेदहाला एक सिझेरियन आहे. जुळी आहेत, थांबता येणार नाही."

"म्हणजे रिलीफ द्यायचाय."

"हो. रिलीफ."

पहाऱ्यावरचा माणूस रिलीफची वाट कशी बघतो हे मला वेगळं सांगावं लागत नाही. मी टोपी घालून टॉमकडे गेलो आणि दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली.

"नॉट अ बॉदर," टॉम म्हणाला आणि चहाचा कप तसाच टेबलावर ठेवून उठला.

मोठ्या रस्त्यावरचा बर्फ यंत्रानं हटवलेला होता. प्रश्न सव्वा किलोमीटरचा होता. त्या शरदात चर उपसून रुंद केले होते, आणि बर्फाखाली कड कुठे आहे हे टॉमलाही दिसत नव्हतं. ट्रॅक्टर चरात गेला तर उलटणार. मी दंताळ्याचा लांब दांडा घेतला आणि सवयीनं ब्रीफिंग दिलं. ट्रॅक्टर ब्रीडा चालवेल, कारण टॉमला क्लच दाबताना खुबा दुखतो. वैशाली तिच्या शेजारी. टॉम ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या सामानाच्या लोखंडी पेटीत. पुढे काठी घेऊन मी. लीड दर वीस मिनिटांनी बदलेल. हे शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं.

केबिनमध्ये रेडिओ चालू होता. बर्फात अडकलेल्या लोकांना शेजारीपाजारी निरोप धाडत होते, आणि निवेदक त्यांच्या आवडीची गाणी लावत होता.

"प्लीज, बंद करा," मी ब्रीडाला म्हणालो. "मला ऐकायचंय."

"काय, बर्फ?"

"हो."

तिनं बंद केला. 08:05 ला आम्ही निघालो.

काठी, आवाज, पाऊल. डावीकडची कड, उजवीकडची कड. 08:25 ला टॉमनं मागून हाक मारली, "वीस मिनिटं झाली, मेजर." मी हात हलवून नको म्हटलं. 08:35 ला त्यानं पुन्हा विचारलं. "तुमचा खुबा," मी म्हणालो. 08:45 ला तो काही तरी पुटपुटला. ते समजलं नाही ते बरंच झालं. खुबा हे निमित्त होतं. मला काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची नव्हती.

08:50 ला काठी पोकळ वाजली असणार. मला ऐकू आली नाही. मी पुढे गेलो आणि मागे ब्रीडा ओरडली. ट्रॅक्टरचं डावं मागचं चाक चराच्या कडेवरून खाली बसलं होतं. ट्रॅक्टर तिरका झाला. वैशालीचं डोकं काचेवर आपटलं. तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

ब्रीडानं इंजिन बंद केलं नाही, घाईही केली नाही. टॉमनं चाकाखाली पोती आणि फळी सरकवली, ब्रीडानं दोनदा मागेपुढे केलं आणि ट्रॅक्टर वर आला. वैशाली खाली उतरून माझ्यासमोर उभी राहिली. कपाळावर टेंगूळ आलं होतं.

"बाबा, किती वेळ पुढे आहात तुम्ही?"

"पंचेचाळीस मिनिटं."

"नियम काय आहे?"

"वीस."

लहानपणी अंगणात काठी घेऊन लीड बदलण्याचा हा खेळ तिनं माझ्याबरोबर शंभरदा खेळला होता.

"मग काठी त्यांना द्या. माझा पेशंट टेबलावर येणार आहे, बाबा. तुम्ही दमलात म्हणून मी उशिरा पोचले असं मला सांगायचं नाहीये."

मी काठी टॉमला दिली. बोटं सोडवायला वेळ लागला. थंडीमुळे, असं मी म्हणालो.

"हळूच टोचा," मी त्याला सांगितलं. "आवाज ऐका. शंका आली की थांबा. घाई करू नका."

"आय विल, ऑफ कोर्स," टॉम म्हणाला आणि लंगडत पुढे गेला.

मी मागच्या पेटीत बसलो. तिथून पुढचं काही दिसत नव्हतं. काठी माझ्याकडे नाही म्हणजे आता मला बर्फ ऐकायचा नाही असं समजून ब्रीडानं रेडिओ लावला. मागची काच थोडी उघडी होती. निवेदक डोंगराकडच्या कुठल्याशा म्हातारीचं नाव घेत होता. तिच्या शेजाऱ्यानं तिच्यासाठी गाणं मागितलं होतं. मग एक बाई गाऊ लागली. शब्द माझ्या ओळखीचे नव्हते. मी दोन्ही हातांनी पेटीची कड धरली. दुसरी ओळ आली. मला भीती वाटली. गोळीबारात वाटली नव्हती एवढी वाटली. काच ठोठावून रेडिओ बंद करायला सांगणार होतो, पण हात कडेवरून उचलला नाही. ट्रॅक्टर चालत राहिला. गाणं संपलं. दुसरं लागलं, तेही संपलं.

ट्रॅक्टर थांबला. मी उडी मारून खाली उतरलो. टॉम बर्फातून माझ्याकडे येत होता. नाक लाल, टोपी वाकडी.

"वीस मिनिटं, मेजर. सेकंदाला सेकंद."

त्यानं काठी माझ्या हातात दिली. मी त्याचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याला वाटलं मी घसरतोय.

09:40 ला मोठा रस्ता लागला. 09:56 ला वैशाली हॉस्पिटलच्या दारात उतरली. 11:50 ला मी ब्रीडाच्या स्वयंपाकघरात बूट सुकवत बसलो होतो, तेव्हा तिचा मेसेज आला. 'मुलगा आणि मुलगी. आईसकट सगळे ग्रँड. केविन झोपला.' मी तो मोठ्यानं वाचला. टॉमनं अ‍ॅकॉर्डियन काढलं. मी बसून राहिलो. ब्रीडानं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा ओतला.

घरी येऊन मी हणमंतच्या घरी फोन लावला. गावाकडे संध्याकाळ होत आली होती. त्याच्या बायकोनं, सुशीलानं, उचलला. दर दिवाळीला मी तिला फोन करतो. हा अवेळी आला म्हणून ती घाबरली. मी खुशाली सांगितली आणि मग एका दमात बोललो.

"वहिनी, त्या दिवशी लीड माझी होती. मी गाणं ऐकत होतो. हणमंत माझ्या जागी पुढे गेला."

तिकडे तिनं टीव्ही बंद केला.

"सासूबाई मरंस्तोवर इचारत हुत्या," ती म्हणाली. "माझा हणमंता म्होरं का हुता? त्याचाच नंबर हुता का? तुमी दर दिवाळीला फोन करायचा, तवा त्या माझ्या शेजारीच बसलेल्या असायच्या."

त्या चार वर्षांपूर्वी गेल्या.

"चुकलं माझं, वहिनी."

"व्हय. चुकलं." मग ती म्हणाली, "आता सांगताय तर समदं सांगा. सकाळी उठल्यापासनं सांगा."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. लान्स नाईक हणमंत शेलार चार वाजता उठला. त्यानं दोन मग चहा घेतला, त्यातला दुसरा माझ्या वाटणीचा. दोराची माझी गाठ सैल होती, ती त्यानं पुन्हा बांधली. माझ्या शेजारून पुढे जाताना त्यानं माझ्या खिशातल्या रेडिओवर टिचकी मारली. तो हसत होता.

"हसत हुता?" तिनं विचारलं.

"हो, वहिनी. हसत होता."